विजेचं सोवळं

लग्न होऊन डोंबिवलीच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिले, तेव्हा सासरच्या माणसांनी मला काय काय विचारलं ते आता आठवत नाही. एक प्रश्न मात्र स्वच्छ आठवतो, आणि तो सासरच्या माणसाचा नव्हता. पायांवर दूध-पाणी घालून झालं होतं, भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, मापही लवंडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी आत्याबाई म्हणाल्या, "लक्ष्मी आली घरात. आता तिच्याच हातानं दिवा लागू दे." दिवा म्हणजे विजेचा. आळीत वीज येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे आल्यागेल्याला ती दाखवायची सगळ्यांना भारी हौस. मी कल्याणची, कंदिलाच्या काचा पुसत वाढलेली. दाराशेजारच्या काळ्या बटणाकडे मी भीत भीत हात नेला, आणि मागून जिन्यावरून खणखणीत आवाज आला, "अगं ए नवरी! पाय कोरडे आहेत का तुझे?"

सनईवाला असता तर तोही थांबला असता. वऱ्हाडातल्या बायकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत एक उंच, धिप्पाड बाई पुढे आल्या, उंबऱ्याबाहेरच खाली बसल्या आणि त्यांनी आपल्या पदरानं माझी दोन्ही पावलं खसाखसा पुसली. आपल्याहून थोरल्या बाईनं आपले पाय पुसावेत, तेही सगळ्यांदेखत, म्हणून मी लाजेनं अर्धी झाले. त्यांना त्याचं काही नव्हतं. "हं, आता लाव," त्या उठत म्हणाल्या. "आणि नीट ऐक. ओल्या हातानं नाही, ओल्या पायानं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायला विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस." मी बटण दाबलं. दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

या मनूताई. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहायच्या. माहेर ठाण्याचं, सासर हेच. त्यांचे यजमान, सगळे त्यांना भाई म्हणत, कल्याणजवळच्या रेल्वेच्या वीजघरात कामाला होते. ते इतके कमी बोलत की वीजघरातल्या यंत्रांनी त्यांचा सगळा आवाज वापरून टाकला असावा असं मला वाटे. पण रात्री जेवताना मनूताई त्यांच्याकडून कामावरची हकीकत काढून घेत. कुणाला कसा धक्का बसला, कुठली वायर का जळली, मग काय केलं. "बाकीच्या बायका नवऱ्याकडून पगार तेवढा घेतात," त्या म्हणत, "मी त्याच्या डोक्यातलंही काढून घेते. नाहीतरी ते तिथं पडून काय करणार?"

त्यांना विजेची भीती वाटे, आणि हे त्या मुळीच लपवत नसत. लहान मुलगी असताना ठाण्याला कुणाच्या तरी घरी पितळी टेबलदिव्याला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. "खेकडा चावला तर निदान दिसतो तरी गं. ही चावते आणि पुन्हा साळसूदासारखी तारेत जाऊन बसते." त्यांच्याकडे रविवारी खाडीची मासळी असे, त्यामुळे खेकडे, कोलंबी असले दाखले त्यांना सहज सुचत. तसले दाखले ऐकले की आमच्या सासूबाई नाकाला पदर लावत.

आमच्या घराचा मेन स्विच जिन्याखाली होता. सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच लोखंडी खटका, त्याच्या शेजारी चिनी मातीचे फ्यूज. घर मालकांचं, पण जिन्याखालचा तो कोनाडा मनूताईंचा. तिथं त्यांनी खिळ्याला एक पाट टांगून ठेवला होता. पाठीमागे तांबड्या रंगाची फुली. तो पाट जेवायला घ्यायचा नाही, त्यावर पापड वाळत घालायचे नाहीत, पाहुणा आला तरी तो द्यायचा नाही. फ्यूज बघायचा तर आधी खटका पाडायचा, मग कोरडा पाट मांडून त्यावर उभं राहायचं, आणि एक हात पाठीमागे. "दोन्ही हात पुढे करायला ते काही तीर्थ नाही," असं त्या सांगत. नवी तार घातल्यावर फ्यूज पुन्हा गेला, तर मात्र त्या हात झटकून मोकळ्या होत. "आता वायरमन. तो येईपर्यंत अंधारात बसा. अंधारानं अजून कुणी मेलेलं नाही." वायरमन कधी कधी दोन दोन दिवस येत नसे. आम्ही कंदील काढायचो, चिडचिड करायचो, आणि मनूताई अंधारात गॅलरीत बसून भाईंना मोठमोठ्यानं सकाळी वर्तमानपत्रात वाचलेल्या बातम्या तोंडपाठ सांगायच्या.

घरात नवी सून आली, नवा भाडेकरू आला, की त्याला जिन्याखाली नेऊन खटका स्वतःच्या हातानं पाडायला लावणं हा त्यांचा शिरस्ता होता. मलाही नेलं. "पाड." मी पाडला. वरून सगळ्या बिऱ्हाडांतून एकदम "अरे, अरे!" असा गलका झाला. कुणाचं तरी दाढी करणं अर्ध्यावर राहिलं होतं. "ओरडू दे," मनूताई म्हणाल्या. "आता सांग, कुणी विजेला चिकटलं तर आधी काय?" मी म्हटलं, "त्याला ओढायचं." त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी किंचाळले. "आधी खटका, मग माणूस. नवरा असला तरी. आई असली तरी. ओढायला गेलीस की तूही चिकटशील, आणि मला दोघींचं बघावं लागेल. म्हण." मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडून ते पाढ्यासारखं घोकून घेतलं आणि मगच वरच्या माणसाची उरलेली दाढी होऊ दिली.

मनूताईंची आमच्या ह्यांच्यावर विशेष नजर असे, आणि ती योग्यच होती. आमचे हे पेढीत कारकून, पण मनानं मोठे शोधक. घरी आल्यावर पक्कड हातात धरल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. त्यांनी एकदा विजेची इस्त्री आणली आणि ती दिव्याच्या होल्डरला जोडली. इस्त्री तापली की फ्यूज जाई. दर रविवारी सगळं घर अंधारात. मग एका रविवारी फ्यूज जायचा बंद झाला. ह्यांचे सदरे कडक, ह्यांची छाती फुगलेली. दुपारी मनूताई गॅलरीतून नाक वर करून वास घेत घेत आल्या. "रबर जळल्याचा वास येतोय. बाळासाहेब, फ्यूजमध्ये काय घातलंत?" हे काहीतरी पुटपुटले. मनूताईंनी खटका पाडला, पाटावर चढल्या आणि फ्यूज उपसून काढला. त्यात तंबोऱ्याची तार होती. तंबोरा ह्यांनी गाणं शिकायला म्हणून आणला होता आणि शेजाऱ्यांच्या नशिबानं लवकरच सोडून दिला होता. भिंतीवरच्या वायरीच्या लाकडी पट्टीला हात लावला तर ती कढत.

"बाळासाहेब," मनूताई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलल्या की धडकी भरे. "फ्यूज मुद्दाम कच्चा ठेवतात. त्यानं जळायचं, म्हणजे घर वाचतं. तुम्ही त्याला अमर केलंत. मग आता जळायची पाळी कुणाची?" ह्यांनी कान धरले. सासूबाई आतून ऐकत होत्या. पोराच्या फजितीचं त्यांना वाईट वाटलं की मनूताईंनी ती केली याचं, कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरातलं आम्ही बघू म्हणावं."

सासूबाईंना सगळे माई म्हणत. माई दुष्ट नव्हत्या हो. मला त्यांनी कधी एका शब्दानं दुखवलं नाही. पण त्यांचं सोवळं म्हणजे सोवळं. पहाटे मोरीवर आंघोळ करायच्या आणि ओलेत्यानंच, अंगावर पाणी निथळत असताना, देवाचं सगळं करायच्या. त्यांचं आटपेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मीसुद्धा नाही. चुकून पदर लागला तर बिचाऱ्या पुन्हा आंघोळीला जात, म्हणून मी भिंतीला चिकटून चालायला शिकले होते. मनूताई तर आमच्यातल्या नव्हत्या, वर मासळी खाणाऱ्या. त्यांना बाहेरच्या खोलीपर्यंत मुभा, पुढे नाही. गणपतीच्या दिवसांत बाहेरची खोलीही सोवळ्यात जाई, मग त्यांनी उंबऱ्यापासूनच हात जोडायचे. जोडत. आमच्या गणपतीसाठी जास्वंद त्यांनीच परसात लावलेल्या झाडाची यायची, रोज सकाळी त्या ती उंबऱ्यावर ठेवून जायच्या. फुलं तेवढी आत यायची. मला ते विचित्र वाटायचं, पण नव्या सुनेनं असं वाटून घ्यायचं नसतं.

त्या वर्षी ह्यांनी गणपतीला विजेची आरास करायचं ठरवलं. रॉकेलचे डबे कापून पत्र्याची कमळं केली, त्यांना सोनेरी रंग दिला, त्यांची कमान उभारली आणि पाकळ्यांमधून छोटे दिवे सोडले. दिसायला खरंच सुरेख दिसत होती. आळीतली पोरंटोरं बघायला लोटली. मनूताई उंबऱ्यावर उभ्या राहून मान लांब करून बघत होत्या.

"बाळासाहेब, वायर मागून कशी घेतलीत?"

"छान घेतलीय हो मनूताई. काळजी नको."

"पत्र्याच्या कडेला लागत नाही ना? पत्रा सुरीसारखा असतो. मी म्हणते, लाकडाची कमान का नाही केलीत?"

"मनूताई, तुम्ही नुसतं दर्शन घ्या!"

त्यांनी आणखी वाकून पाहिलं. कमानीची मागची बाजू उंबऱ्यावरून दिसत नव्हती. आत दोन पावलं टाकली असती तर दिसली असती. माई समईशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. मनूताईंनी पाय मागे घेतला आणि हात जोडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दिवे लावून आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरात फुलवाती भिजवत होते. बाहेरच्या खोलीत घंटा पडल्याचा आवाज झाला, आणि त्याच्यामागून एक कण्हणं. मी धावत आले. माई ओलेत्यानं गणपतीसमोर उभ्या होत्या, एका हातात पत्र्याचं कमळ घट्ट धरलेलं, सगळं अंग थरथरत, डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली. ओल्या लुगड्याचं पाणी शहाबादी फरशीवर ठिबकत होतं. आता सांगायला सोपं आहे. तेव्हा माझ्या मनात वीज आलीच नाही. मला वाटलं, माईंच्या अंगात आलं. त्या पडतील, कमानीवर आदळतील, म्हणून त्यांना कवेत धरायला मी दोन्ही हात पुढे केले आणि झेपावले.

"शिवू नकोस! सोवळ्यात आहेत त्या!"

मी जागच्या जागी थिजले. माझे हात माईंच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होते. कुणी ओरडलं, का ओरडलं, काही कळायच्या आत हात आपोआप मागे आले होते. उंबऱ्यावर जास्वंदीची फुलं सांडली होती आणि मनूताई तिथं नव्हत्या. जिन्याखालून खटका पडल्याचा आवाज आला. कमानीतले दिवे विझले. माई उसवलेल्या पोत्यासारख्या खाली बसल्या आणि आडव्या झाल्या.

मग मनूताई आत आल्या. पावसाळ्यात वापरायच्या रबरी चपला पायात तशाच, गणपतीच्या खोलीत. त्यांनी माईंना कुशीवर केलं, नाकाशी हात धरून श्वास पाहिला, ओलं लुगडं सोडून स्वतःच्या पदरानं त्यांचं अंग कोरडं केलं आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस? घोंगडी आण. आणि बाळासाहेबांना आधी डॉक्टरकडे पिटाळ. आंघोळ राहू दे अर्धवट!" हे साबणाचा फेस कानात घेऊन डॉक्टरकडे धावले. डॉक्टर आले, नाडी पाहिली, छातीला नळी लावली. तळव्यावर खोल भाजलं होतं, बाकी देवानं राखलं होतं. कमान उलटी करून पाहिली, तर एका पाकळीच्या धारेनं वायरवरचं कापड आणि रबर कापून आतली तार पत्र्याला टेकली होती. हे ती बघून भिंतीशी बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळपर्यंत घरातले सगळे माईंच्या आसपास घुटमळत होते. सगळ्यांना एकच धाकधूक. चपला घालून, मासळी खाणारी बाई, गणपतीच्या खोलीत. माईंना शुद्ध नव्हती तोवर ठीक होतं. आता गोमूत्र मागवतील, सगळी खोली धुवायला लावतील, आणि ते पलीकडच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल. मी माईंच्या उशाशी बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"ती आत आली तेव्हा पायात काय होतं तिच्या?"

मला खोटं बोलता येईना. "चपला होत्या, माई. रबराच्या."

"हं." माई छताकडे बघत राहिल्या. "आरतीला बोलाव तिला. आत बोलाव. आणि सांग, चपला काढू नको म्हणावं. या कार्ट्यानं आणखी कुठं कुठं काय जोडून ठेवलंय, देवच जाणे."

मनूताई आल्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या, पण आत पाऊल टाकण्याआधी पत्र्याची कमान गॅलरीत नेऊन टाकायला लावली. गणपतीपुढे समया लावल्या होत्या. आरतीला मनूताईंनी असा काही उंच सूर लावला की तंबोरा सोडून ह्यांनी बरंच केलं असं मला वाटलं. माई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, बांधलेला हात मांडीवर. आरती झाल्यावर मोदक मनूताईंच्या हातावर मी ठेवत होते, तर माई म्हणाल्या, "दोन दे. एक भाईंना." त्यानंतर माईंनी ओलेतं सोडलं. अंग नीट पुसून सोवळ्यातली कोरडी लोकरी धाबळी नेसून पूजा करू लागल्या. त्यांच्या वयाच्या बाईनं असं करणं सोपं नव्हतं. नात्यातल्या कुणी टोकलंच, तर म्हणत, "देवाला विचारलंय मी. तो काही बोलला नाही."

पुढे काही वर्षांनी भाईंना ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला, एका नव्या कारखान्यात जागा मिळाली आणि मनूताईंनी बिऱ्हाड हलवलं. लॉरी खाली उभी होती. सामान चढत होतं, आणि मनूताई लॉरीवाल्याला लोखंडी खाट विजेच्या तारांना लागेल म्हणून आडवी घ्यायला लावत होत्या. तो वैतागला होता. तांबड्या फुलीचा पाट त्यांनी मागे ठेवला होता, आणि तो माझ्या ताब्यात देताना त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडून सगळं घोकून घेतलं. मी दोन मुलांची आई झाले होते तरी. सामान चढेपर्यंत आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो. कधीपासून विचारायचं राहून गेलं होतं, ते मी विचारलं.

"मनूताई, त्या दिवशी तुम्ही 'सोवळ्यात आहेत' असं का हो ओरडलात? वीज आहे असं का नाही म्हणालात?"

"वीज म्हटल्यावर तू थांबली असतीस?" त्या म्हणाल्या. "सासूला वीज धरून बसलीय म्हटल्यावर तू आणखी जोरात धावली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का? घोकलेलं अशा वेळी सुचत नाही गं कुणाला. अशा वेळी माणूस कशानं थांबतं, ते बघायचं."

"पण तेच कसं सुचलं तुम्हाला, तेवढ्यात?"

मनूताई हसल्या. "सुचायला काय लागतं? तुमच्या उंबऱ्यावर इतकी वर्षं मीच ऐकत आलेय ते. कुठल्या सुरात म्हटलं की पुढे टाकलेलं पाऊल मागे येतं, हे या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत?"

त्या अगदी सहज बोलल्या. राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. फ्यूजची तार कशी घालायची हे सांगावं, तसं सांगितलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले, आणि लॉरीवाला भोंग्यावर भोंगे वाजवत राहिला तरी सोडले नाहीत.